गुडघेबाईंचे उंदीर

शुद्धलेखन चुकेल, आणि अक्षर तर शाईत पाय बुडवून उंदीर पळाल्यासारखं आहे. चौथीपर्यंतच शिकले, माफी असावी. पण गुडघेबाईंबद्दल लिहायचंच आहे.

बाई माणसाचं तोंड नाही, आधी गुडघे बघायच्या. महाप्याच्या लॅबमध्ये त्या डॉक्टर आणि मी पिंजऱ्यांतला भुसा बदलणारी. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मंगल, डावा पाय दुखतो ना? तोंड खोटं बोलतं, गुडघा नाही." मी लाजून मान हलवली. मोठ्या साहेबांबद्दल म्हणायच्या, "ह्यांची वाटी गुडघ्यातली नाही, डोक्यातली सरकलीय."

बाईंच्या पांढऱ्या उंदरांच्या गुडघ्याची वाटी खरोखरच सरकलेली होती. वाटी हलली की सांधा झिजतो. नवं औषध ती झीज थांबवतं का, हे बघायचं होतं. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं पाणी. औषधवाले माझ्याकडे, पाणीवाले दुसरीकडे. बाई बजावायच्या, "लाड करायचे नाहीत. हे पाहुणे नाहीत, नोकरीला आहेत."

खाद्य पिंजऱ्याच्या वरच्या जाळीत असतं. मागच्या पायांवर उभं राहूनच ते कुरतडावं लागतं. त्यांचं लंगडणं बघून मला माझ्या तळवलीच्या खोलीचे चार जिने आठवायचे. मी गुपचूप खाद्य खाली भुशात टाकू लागले.

काही महिन्यांनी तपासणीत माझ्याकडच्या उंदरांचे सांधे कमी झिजलेले निघाले. बाई पेढेच घेऊन आल्या. "औषध लागू पडलं!"

मी अर्धा पेढा खाऊन थांबले. बोलले तर नोकरी जाणार होती. तरी म्हणाले, "बाई, औषधानं नसेल. मी त्यांना उभंच राहू दिलं नाही."

सगळं ऐकून बाईंनी डब्याला झाकण लावलं. "अर्धा खाल्लायस तो संपव. बाकीच्या पेढ्यांना आता कारण उरलं नाही."

साहेब मला काढायलाच निघाले. बाई म्हणाल्या, "मग मलाही काढा. ही बोलली नसती तर मी जगभर खोटं छापून बसले असते." नोकरी वाचली. प्रयोग पुन्हा करायचा होता, त्या नव्या उंदरांचे पैसे मात्र माझ्या पगारातून कापायचे ठरले. ते बाईंनी भरले.

दुसऱ्या खेपेला सगळे उंदीर उभ्यानं जेवले. औषध कुचकामी निघालं.

ते पैसे फेडायला मी बाईंना महिन्याला पाचशे देत राहिले. बाई कधी "राहू दे गं" म्हणाल्या नाहीत, ते मला फार आवडलं. गेल्या महिन्यात त्या निवृत्त झाल्या. शेवटचे पाचशे हातावर ठेवले, तेव्हा पहिल्यांदाच त्यांनी गुडघे सोडून माझ्या तोंडाकडे बघितलं.

"यापुढे दया आली तर कबुतरांना दाणे टाक," म्हणाल्या, आणि नोट पर्समध्ये घातली. "फिटले सगळे."