इरिनाने थांबवलेली उडी

परवा कपाट आवरताना माझ्या लेकीची, सईची गुलाबी रिबन हाताला लागली आणि मला २०२१मधली, आयर्लंडमधल्या आमच्या गॉलवेच्या घरातली ती दुपार आठवली.

लॉकडाउन होता. बारा वर्षांच्या सईची रिदमिक जिम्नॅस्टिक्सची स्पर्धा ऑनलाइन होती आणि व्हिडिओ त्याच दिवशी पाठवायचा होता. सोफा भिंतीला सरकवून मी फोनवर शूट करत होते. लॅपटॉपवरून तिची कोच इरिना बघत होती. ती एकेकाळी रशियाच्या संघातून खेळलेली. खोलीभर दुखण्यावर मारायच्या स्प्रेचा वास होता. सईचा घोटा आठवडाभर दुखत होता, पण विचारलं की ती म्हणायची, "आय अ‍ॅम ग्रँड, आई," म्हणजे इथल्या बोलीत, मी ठीक आहे. आणि मी "अजून एकदाच" म्हणत होते.

चौथ्या उडीनंतर इरिना म्हणाली, "सई, थांब." मग इरिनाने स्वतःचा मोजा काढून पाऊल कॅमेऱ्यासमोर धरलं. घोट्यावर टाक्यांचा जुना लांब व्रण होता.

"सतराव्या वर्षी दुखणं लपवून मी वर्षभर उड्या मारल्या. मग ऑपरेशन झालं आणि माझा खेळ संपला. माझ्या आईला वाटायचं, मी ठीक आहे."

सई खाली बसून रडायला लागली. "इट्स रिअली सोअर, आई. खूप दुखतंय."

व्हिडिओ गेलाच नाही. एक्स-रेमध्ये हाडाला बारीक तडा दिसला. सहा आठवड्यांनी सई पुन्हा नीट चालायला लागली.

तेव्हा मला क्षणभर इरिनाचा रागच आला होता. आता मात्र एवढंच टोचतं, की सईचं दुखणं तिला लॅपटॉपवरून दिसलं आणि मी चार फुटांवर उभी होते.