सातवं पान

साठीची असताना मी फार शहाणी होते. आता ऐंशीला पोचल्यावर ती बाई कुठं भेटली, तर तिचा कान धरीन म्हणते.

साल दोन हजार पाच. अमेरिकेत फ्रीमाँटला मुलाकडे कायमची येऊन राहिले होते आणि सुनेनं मला कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला शिकवलं होतं. झालं, बाईंना आकाश ठेंगणं! वाण्याची यादीसुद्धा टाइप करून, प्रिंट काढून मुलाच्या हातात देत असे.

त्याच सुमाराला मिरजेला माझी ताई अंथरुणाला खिळली. ती त्यातून उठणार नाही, हे सगळ्यांना कळलं होतं. कान आधीच गेले होते, त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. चष्मा लावून वाचायची मात्र. मला तिला एक गोष्ट सांगायची होती, ती असेपर्यंत. म्हणून पत्र लिहायला बसले. हातानं नव्हे हो, टाइप करून. सात पानं.

पहिल्या सहा पानांत इथली हवा, मुलाची सांता क्लाराची नोकरी, फ्रीवेवर जाणारा त्याचा वेळ, मागच्या अंगणात लावलेली मेथी. मेथीलाच दीड पान. सांगायचं होतं ते सातव्या पानावर, तेही तळाशी.

त्याच्या तीन वर्षं आधी आमची आई गेली, तेव्हा ताई एकटी तिच्या उशाशी होती. आठवडाभर आधी तिनं मला बोलावलं होतं. मी इथं पाहुणी म्हणून आलेले. "तिकीट मिळत नाहीये," म्हणाले. सगळ्यांना तेच सांगितलं, सुनेलासुद्धा. तिकीट मिळत होतं. पण नातीचा पहिला वाढदिवस होता, हॉल ठरला होता, आणि नवी पैठणी नेसून आजी म्हणून मिरवायचं होतं मला.

पत्र ईमेलनं भाच्याला पाठवलं. उलट टपाली उत्तर: "मावशी, नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतोय."

सून म्हणाली, "आई, तुमचा मराठी फॉन्ट त्यांच्याकडे नाहीये. पानांचे फोटो करू या. प्रिंट काढायची, स्कॅन करायची, जेपेग म्हणून सेव्ह करायचं. चित्र कुठंही उघडतं. द्या, दहा मिनिटांत करते."

"नको, मला शिकव. मी करीन."

तिला वाटलं, सासूबाईंना हौस. मला भीती होती ती सातव्या पानाची. ते तिच्या डोळ्यांखालून जायला नको होतं.

पहिलं पान मी स्कॅनरच्या काचेवर उताणं ठेवलं, अक्षरं वर. नात शेजारी उभी राहून म्हणाली, "आजी, इट्स राँग साइड!" "गप गं, तुला काय कळतंय," म्हणत मी बटण दाबलं आणि आलेलं चित्र न बघताच पाठवलं. दोन दिवसांनी भाच्याची मेल: "मावशी, कोरं पान आलंय. आई बराच वेळ उलटसुलट करून बघत होती."

ते वाचून घरात सगळे हसले. मीही हसले.

भाच्याची मेलबॉक्स एवढीशी. माझं एक पान गेलं की भरून जायची. ऑफिसातून येताना तो एक दिवसाआड सायबर कॅफेत जाई, प्रिंट काढी, मेल डिलीट करी आणि मला "आलं" म्हणून कळवी. मग मी पुढचं पाठवायचं.

सुनेनं एकदा विचारलंसुद्धा, "आई, महत्त्वाचं पान आधी पाठवा ना."

"सगळीच महत्त्वाची आहेत. आणि पत्र काय कुणी मधूनच वाचतं?"

सहावं गेलं. सातवं मी घरात कुणी नसताना स्कॅन केलं, या वेळी पालथं ठेवून. अक्षर न् अक्षर स्वच्छ आलं होतं. आता फक्त सहाव्याचं "आलं" येण्याची वाट बघायची, की हे पाठवायचं. आला तो फोन. भाचाच होता.

"मावशी, आई गेली."

तेराव्यानंतर त्याची मेल आली, सोबत एक चित्र. पाचव्या पानाच्या पाठीवर ताईनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, वाकड्यातिकड्या अक्षरांत: "मेथीचं कळलं. आता ज्यासाठी लिहायला बसलीस ते लिही." उशीखाली सापडलं, असं त्यानं कळवलं होतं.

हातानं लिहूनही स्कॅन करता येतं, हे मला तेव्हा सुचलं. माझं अक्षर तर शाळेपासून चांगलं.

दुपारी मी सातव्या पानाची प्रिंट सुनेपुढे ठेवली. तिनं उभ्यानंच वाचली, मग खुर्ची ओढून पुन्हा वाचली. वाढदिवसाबद्दल अवाक्षर काढलं नाही. पान माझ्या हातात परत देत म्हणाली, "आई, हेच आधी पाठवायचं होतंत ना."

"मग मेथीचं राहिलं असतं," मी म्हणाले.

आम्ही दोघीही हसलो नाही.