पाहुण्यासाठी वाढवलेला ऑक्सिजन

नवी दिल्लीला उतरलो तेव्हा ऊन होतं, पण सावली पडत नव्हती. धुराचा वास घशाशी बसला. रिक्षावाला म्हणाला, "मुँह ढक लो, भाईसाहब. यहाँ की हवा मेहमान नहीं पहचानती."

पिशवीत जळगावची भरिताची वांगी होती आणि परतीची दोन तिकिटं. दुसरं काकांचं. त्यांनी दिल्लीहून पाठवलेल्या पुस्तकांवर मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. फुप्फुसं थकलेल्या काकांना हिवाळ्यापुरतं तरी गावच्या हवेत न्यायचं होतं.

पहाडगंजच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर काका खुर्चीत बसले होते. नाकात नळी, शेजारी घुरघुरणारं ऑक्सिजनचं मशीन.

"या, बी.ए. साहेब! वांगी आणलीत... की नुसतीच डिग्री?" एवढ्या बोलण्यातही त्यांना मध्ये थांबावं लागलं.

काकूने मशीनची कळ फिरवली. "पाहुणा आलाय. आज जरा जास्त राहू दे, यांना नीट बोलता येईल." बोटाला लावलेल्या, ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्यावर अठ्ठ्याण्णव आले. "बघ, तू आलास नि कसा छान आकडा आला!"

जेवायला भरीत आणि खालच्या ढाब्यावरची तंदुरी रोटी. चार घास खाऊन काकांचा डोळा लागला. गाल गुलाबी, हात उबदार. "कित्येक दिवसांनी असे झोपलेत," काकू कुजबुजली. आम्ही टीव्हीसुद्धा बंद केला. चहाच्या वेळी हाका मारल्या, तर उठेनात.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी मनगटाच्या धमनीतून रक्त घेतलं. रिपोर्टात रक्तातल्या दोन्ही वायूंचे दाब होते. ऑक्सिजनचा उत्तम, कार्बन डायऑक्साइडचा मात्र असायला हवा त्याच्या जवळजवळ दुप्पट.

"ऑक्सीजन बढ़ाया था किसी ने?"

"मेहमान आया था," काकू म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला. मग हळू आवाजात त्यांनी समजावलं. अशा फुप्फुसांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला की कार्बन डायऑक्साइड रक्तातच साचत जातो आणि गुंगी आणतो. बोटावरच्या चिमट्याला तो दिसत नाही. "इनके लिए नब्बे काफ़ी है, माताजी."

श्वास आत-बाहेर करायला मदत करणाऱ्या, घट्ट मास्कच्या मशीनवर काका शुद्धीवर आले. प्रवासाला मात्र साफ नकार मिळाला.

"माझं तिकीट... खिडकीजवळचं होतं का रे?" मास्कआडून त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

निघताना काकूने मला थांब म्हटलं नाही. आजवर असं कधी झालं नव्हतं.

मथुरेनंतर तिकीट तपासनिसाने काकांची जागा एका प्रवाशाला दिली. तो बसताच झोपला. चेहरा अगदी शांत होता. घेतलेला श्वास बाहेर पडतोय ना, हे मी बघत राहिलो. दोनदा त्याला उठवावंसं वाटलं.