आतला खिसा

माझ्या दादाच्या प्रत्येक शर्टाला आतून एक जादा खिसा असायचा. डाव्या बाजूला, छातीवर, मऊ फ्लॅनेलचा, तोंडाला इलॅस्टिक. शिवायची मीच. माझं शिलाईचं दुकान आणि त्याचं पाळीव प्राण्यांचं दुकान एकाच गल्लीत, मध्ये फक्त चाव्या बनवणाऱ्याची टपरी. गिऱ्हाइकं विचारायची, "बाई, हा खिसा कशाला हो?" मी म्हणायचे, "माझ्या भावाला लेकुरवाळं व्हायची हौस आहे."

हौसच म्हणायची. एखादं पिल्लू गारठलं, एखादा ससा सुस्तावला, की दादा त्याला त्या खिशात घालून दिवसभर दुकानात फिरायचा. जेवायला घरी आला तरी छाती हलत असायची. मी ओरडायचे, "अरे, निदान ताटावर बसताना तरी काढ ते ध्यान!" तो म्हणायचा, "ओरडू नकोस, झोपलंय." जित्याची खोड, ती काय माझ्या ओरडण्यानं जाणार होती?

पहिला खिसा मात्र माझा नाही. तो वहिनीनं शिवला होता, एका खारीसाठी. बोटभर पिल्लू, डोळेही उघडले नव्हते. वहिनीनं ड्रॉपरनं दूध पाजून ते वाढवलं, आणि पुढच्याच वर्षी वहिनी गेली. खार राहिली. त्या खारीला दादा मास्तरीण म्हणायचा. कारण सांगते.

या धंद्यात नवीन जनावर आलं की चार दिवस खात नाही. कोपऱ्यात तोंड खुपसून बसतं आणि उपाशी मरतं. त्यावर दादाच्या उस्तादानं शिकवलेला उपाय असा, की नव्याच्या पिंजऱ्याला लागून एखादं जुनं, माणसाळलेलं जनावर ठेवायचं. मध्ये जाळी, पण खाण्याची वाटी एकच, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. जुनं खातं, ते बघून नवं खातं. मास्तरणीनं असे शेकडो विद्यार्थी शिकवले. सात वर्षांत एकही उपाशी मेला नाही, असं दादा छाती पुढे काढून सांगायचा.

मग ती पेटी आली. दादा ज्याच्याकडून माल घ्यायचा तो एजंट म्हणाला, परदेशातल्या जंगलातले उंदीर आहेत, शौकीन लोक पाळतात. उंदीर कसले, मांजराएवढे बोके! गालांत पिशव्या, लांब शेपट्या. सहा होते, त्यातला एक पेटीतच मेलेला. कागदावर नुसतं "शोभेचे प्राणी" लिहिलेलं. मला बघूनच शिसारी आली. मी म्हटलं, "दादा, हे परत पाठव. मेलेलं जनावर घेऊन आलेला माल शुभ नसतो." तो हसला आणि त्यानं वाटी भरून जाळीत अडकवली. मास्तरीण शिकवायला बसली.

दहाव्या दिवशी मास्तरणीनंच खाणं सोडलं. डोळे चिकटलेले, अंग तापलेलं. दादानं तिला खिशात घातलं आणि घरी आणलं. औषध पाजताना तिनं त्याच्या तळहाताला दात लावला. नेमकी त्याच दिवशी माझी भाची, दादाची एकुलती एक लेक, दोन दिवस राहायला आली होती. सहावा महिना. जावई जहाजावर, घरी एकटीला करमेना म्हणून आलेली. आईच्या हातची खार अशी मलूल बघून पोरीचा जीव कासावीस झाला. दोन दिवस तिनं ती मांडीवरून खाली ठेवली नाही. जाताना म्हणाली, "बाबा, हिला मी घेऊन जाते. तुम्हाला दुकान आहे, आत्याला ही आवडत नाही. मी करीन हिचं." दादानं मास्तरणीला टोपलीत घातलं आणि लेकीला रिक्षात बसवलं. मी दारात उभी होते. बरी गेली ब्याद, असं मनात आलं, खोटं कशाला बोलू?

चार-पाच दिवसांनी दादाला ताप भरला. डोकं फुटतंय म्हणाला, पाठ भरून आली, मानेत आणि जांघेत गाठी. तळहातावर, दात लागला होता तिथं, एक लाल ठिपका. "चिघळलंय जरा," तो म्हणाला. मी म्हटलं, "मलम लाव आणि झोप." दोन दिवसांनी ठिपक्याचा फोड झाला, टणक, मध्ये खळगी पडलेला. मग तोंडावर आले, मग तळपायांवर. तेव्हा कुठे त्यानं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना हात दाखवला. बाईंनी हात बघितला, हातमोजे चढवले, आणि एक पाऊल मागे सरकल्या. ते एक पाऊल मी अजून विसरले नाही.

फोडातला नमुना तपासायला गेला आणि दादा वेगळ्या वॉर्डात, काचेच्या पलीकडे. एमपॉक्स, पूर्वी मंकीपॉक्स म्हणायचे तो. मी म्हटलं, "बाई, आमच्या दुकानात माकड नाही, सात जन्मांत नव्हतं." त्या म्हणाल्या, "माकडाचं नाव उगाच बदनाम झालंय. ते बिचारं आपल्यासारखंच यात सापडतं. हा विषाणू देवीच्या रोगाचा चुलतभाऊ समजा. राहतो कुठे ते अजून पक्कं कुणालाच ठाऊक नाही, पण संशय जंगलातल्या उंदरांवर आणि खारींवर आहे. चावलं, ओरबाडलं, फोडातलं पाणी लागलं, की माणसात येतो. मग माणसाकडून माणसाला. अंगाला अंग लागून, टॉवेलनं, चादरीनं."

"आणि कपड्यांनी?" मी विचारलं.

"कपड्यांनीही. बहुतेक लोक बरे होतात. मला भीती असते ती लहान मुलांची आणि पोटुशी बायकांची. पोटातल्या बाळापर्यंत पोचतो हा. लस आहे, पण संपर्क आल्यावर चार दिवसांत दिली तर खरी. जितका उशीर, तितका तिचा उपयोग कमी."

मला तिथल्या तिथे लस टोचली. मग आरोग्य खात्याचे तपासनीस फॉर्म घेऊन आले. काचेला लावलेल्या फोनवरून त्यांनी दादाला विचारलं, तीन आठवड्यांत घरी कोण आलं, आजारी जनावर कुणी हाताळलं, अजून कुठे काही जनावर आहे का. उंदीर त्यांनी आधीच ताब्यात घेतले होते. ते मारले जाणार हे दादाला ठाऊक होतं.

दादा म्हणाला, "कुणी नाही. एक खार होती, ती मेली. पुरली."

आणि त्यानं काचेतून माझ्याकडे बघितलं. सुजलेल्या पापण्यांतून. माझा दादा आयुष्यात कधी कुणापुढे हात जोडणारा नव्हता, पण ते बघणं म्हणजे हात जोडणंच होतं. वहिनीची तेवढी एकच खूण जिवंत होती. तपासनीसांनी मला विचारलं, "खरं का, ताई?"

मी म्हटलं, "हो. पुरली."

जीभ झडली नाही माझी! मनात हिशेब असा केला, की दादाला ताप यायच्या आधीच पोरगी गेली, म्हणजे तिला कसला धोका? डॉक्टरीणबाई अर्ध्या तासापूर्वी सगळं उलगडून सांगत होत्या आणि मी शहाणी, ऐकलं ते विसरून बसले. खरं तर विसरले नव्हते. दादाचं मन मोडवेना, म्हणून हो म्हटलं. माणसं अशीच घात करतात, मायेनं.

त्यांनी दादाचे सगळे शर्ट पिशवीत बांधून नेले. माझ्या मशिनीवर एक अर्धवट खिसा तेवढा राहिला.

तीन दिवस मी भाचीला फोन केला नाही. चौथ्या सकाळी तिचाच आला. ती रडत होती. "आत्या, मास्तरीण गेली गं. शेवटपर्यंत माझ्या मांडीवर होती. तोंडाला, पायांना फोड आले होते बिचारीला. मी रोज कापसानं पुसत होते."

"नुसत्या हातांनी?"

"मग कशानं पुसणार?"

मी चपला न घालता डॉक्टरीणबाईंकडे पळाले आणि सगळं ओकले. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "तीन दिवसांपूर्वी मी इथंच उभी होते ना?" मग स्वतः गाडी घेऊन गेल्या. लस दिली, खारीचा देह पेटीत बंद करून नेला, चादरी नेल्या. शेवटच्या स्पर्शापासून एकवीस दिवस लक्ष ठेवायचं. आम्हा दोघींनाही नजरेखाली राहायचं होतं, म्हणून मी तिच्याच घरी राहिले. ती आतल्या खोलीत, मी बाहेरच्या. मध्ये दार.

तिच्याकडे जायच्या आधी दादाला मीच सांगितलं, फोनवरून, काचेसमोर उभी राहून. त्यानं फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. आता त्याच्या खपल्या गळताहेत, खाली नवी कातडी येतेय. जगेल तो. रोज सकाळी फोन करतो आणि एवढंच विचारतो, "आज?" मी सांगते, "आज काही नाही." मग ठेवतो.

आज नववा दिवस. भाची सकाळपासून खुशीत होती. दाराआडून सांगत होती, बाळ फार लाथा मारतंय, बाबांसारखं हट्टी होणार. दादाचा फोन येऊन गेला होता. मी चहाचा कप नेहमीसारखा दाराजवळ स्टुलावर ठेवला आणि मागे सरकले. दार किलकिलं झालं, तिचा हात बाहेर आला. तो कपाशी थांबला, आणि मग पालथा होता तो उलटला.

"आत्या, हे बघ गं जरा. डास चावलाय ना?"

तळहातावर, अंगठ्याच्या मुळाशी. लाल. डाळीच्या दाण्याएवढा.

"आत्या? डासच आहे ना? सांग ना."

हो म्हणणं किती सोपं होतं. तिला तेवढंच हवं होतं, आणि मलाही. मी एकदा म्हटलं होतं हो.

"हात तसाच ठेव, बाळा," मी म्हटलं, "दुसरीकडे कुठे लावू नकोस." आणि डॉक्टरीणबाईंचा नंबर फिरवला.