डॉक्टर यूसुफअली साहेब आणि रावजींचा गळा

हैदराबादेत उर्दूतून डॉक्टरकी शिकून मी औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात रुजू झालो, तेव्हा डॉक्टर यूसुफअली साहेबांनी माझी प्रमाणपत्रे न पाहताच विचारले, "पाचोडकडची मराठी कळते ना? इथं दुखणं त्याच मराठीत सांगतात." ते तेव्हाही थकलेलेच दिसत होते. आज त्यांच्या साठीनिमित्त हा गौरवग्रंथ निघत आहे आणि लिहिणारा मीही आता थकलो आहे.

माझ्या पत्नीला विषमज्वर झाला, तेव्हा तिचा ताप उतरेपर्यंत माझे रोगी साहेबांनी पाहिले. आभार मानायला गेलो, तर ते खुर्चीतच झोपी गेले होते. मी तसाच परतलो.

पण साहेब मला खरे कळले ते रावजींमुळे. रावजी पाचोडच्या बाजारात बैलांची दलाली करीत. त्यांचा आवाज गुरांच्या हंबरण्यावरून ऐकू जाई. तो बसला म्हणून ते पत्नी सोनाबाई आणि थोरल्या मुलासह आले. साहेबांनी घशात आरसा घालून पाहिले, मानेतली गाठ चाचपली. स्वरयंत्राचा कर्करोग होता आणि तो बराच पुढे गेलेला होता.

मुलगा म्हणाला, "बाहेर या साहेब, मला सांगा."

"गळा त्यांचा आहे. त्यांनाच सांगतो," म्हणून साहेब रावजींसमोर स्टूल ओढून बसले.

मुंबईला जाऊन स्वरयंत्र पूर्ण काढून टाकणे, ही पहिली वाट. शस्त्रक्रियेतच जीव जाण्याची भीती होती. पण निभावले, तर काही वर्षे मिळण्याची आशा सर्वांत जास्त. मात्र आवाज कायमचा जाणार आणि श्वास मानेतल्या भोकातून घ्यावा लागणार. दुसरी वाट किरणांची. त्यासाठीही मुंबईत बरेच दिवस राहावे लागणार, घसा आतून भाजणार. आवाज कदाचित टिकेल, पण इतका वाढलेला रोग बहुधा परत येतो. तिसरी वाट घरी राहण्याची. वेदना औषधाने कमी करता येतील, श्वास कोंडला तर गळ्याला भोक पाडता येईल; रोग मात्र जाणार नाही. साहेबांनी हे सारे सावकाश, दोनदा सांगितले.

सोनाबाईंनी विचारले, "तुमच्या वडिलांना हे दुखणं आसतं तर काय केलं आसतं?"

"कापून घ्या म्हणालो असतो," साहेब म्हणाले. "आणि त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं."

रावजी घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मुका होऊन बाजारात काय करू? किरणं घेतो."

साहेबांनी आग्रह केला नाही. मुंबईच्या डॉक्टरांना त्यांनी स्वतः कळवले. रावजी परतले ते मानेची कातडी काळवंडून, पेजेवर जगत. हळूहळू भाकरी गिळू लागले, आवाज फुटला. एक हंगाम त्यांनी बाजार केला. मग गाठ पुन्हा वाढली.

श्वास कोंडल्याचा निरोप आला, तेव्हा साहेबांना स्वतःला ताप होता. तरी आम्ही दोघे पाचोडला गेलो. ओसरीवरच्या बाजेवर साहेबांनी रावजींच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवली. श्वास मोकळा झाला, आवाज गेला. पुढचे काही आठवडे साहेब सुटीच्या दिवशी तिकडे जाऊन नळी बदलत राहिले. एका दुपारी रावजी शांतपणे गेले.

आम्ही दोघे भेटायला गेलो, तेव्हा सोनाबाईंनी विचारले, "तवाच कापलं आसतं, तर वाचले आसते का हो?"

"वाचलेही असते, बाई. नक्की मला माहीत नाही."

त्या म्हणाल्या, "पर त्यो हंगाम लई बोलले. माझ्याशी बी."

परतताना मी म्हणालो, "साहेब, आपण जोर करायला हवा होता." त्यांनी डोळे मिटून घेतले. "मलाही रोज तसंच वाटतं," ते म्हणाले. "पण उद्या दुसरा रावजी आला, तरी मी त्यालाच विचारीन."

त्यांचे बरोबर होते का, हे मला आजही ठरवता येत नाही. मात्र त्यानंतर कोणत्याही रोग्याला वगळून मी त्याच्या नातेवाइकांशी बोललेलो नाही.

साहेब आता सेवानिवृत्त होत आहेत. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. सकाळचा चहा गरम असतानाच पिण्याची सवड मिळो. आणि दारावर थाप पडलीच, तर ती निव्वळ गप्पा मारायला आलेल्या माणसाची असो.