हळदीचं बोट
आज सकाळी उज्जैनजवळच्या भैरवगढच्या छाप्याची नवी चादर उघडली आणि त्या ताज्या रंगाच्या वासानं मला थेट उज्जैनच्या शाळेतल्या मी शिकवायचे त्या सहावीच्या वर्गात नेलं. जपानमधल्या एका वर्गाला मुलांनी स्वतः छापलेले रुमाल पाठवायचे होते, आणि पार्सल बांधताना बघते तर प्रत्येक रुमालाच्या कोपऱ्यात हळदीचा डाग! "अरे, तिकडच्या मुलांना हे मळकं वाटेल!" मी ओरडलेच. "नए कपड़े को तो लगाते ही हैं, मैडम," एक मुलगी शांतपणे म्हणाली. दुसरे छापायला वेळ नव्हता, तेच पाठवले. मग व्हिडिओ कॉलचा दिवस आला. पडद्यावर तिकडची मुलं दिसताच आमचा अख्खा वर्ग बाकांवर चढला! तेवढ्यात तिकडच्या एका मुलानं रुमाल उंच धरला आणि नेमकं त्या डागाबद्दलच विचारलं. तीच मुलगी धिटाईनं पुढे झाली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिनं सांगितलं, की नवं कापड वापरण्याआधी आम्ही त्याला हळद लावतो, शुभ असतं. महिन्याभरानं त्यांचं पार्सल आलं. आत कागदी पंखे होते, आणि प्रत्येक पंख्याच्या कोपऱ्यात रंगीत खडूनं काढलेला पिवळा ठिपका! वर्गात असा काही गलका झाला, की शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या. तेव्हा मी ज्याला डाग समजले होते, ते हळदीचं बोट आज चादरीच्या कोपऱ्यावर मीच उमटवलं.