उंटिणीच्या पोटातलं लोखंड

आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना माझ्या दादाचे पाय माहीत होते, तोंड नाही. सकाळी शेडचं शटर वर गेलं की तो चाकांच्या फळीवर उताणा पडून कुठल्यातरी गाडीखाली शिरायचा आणि बाहेर राहायचे ते त्याचे बूट. लोक बुटांशीच बोलायचे. "काय दादा, बरं आहे ना?" बूट हलले म्हणजे बरं आहे. मी म्हणायचे, "अरे बाबा, कधीतरी उभा राहा. एखादी मुलगी बघायला आली तर तळवे बघूनच परत जाईल." तो आतून हसायचा. मुलगी काही आली नाही. माझा नवरा गेल्यावर मीच आले बॅग घेऊन, आणि मग दोघं भावंडं त्या शेडच्या मागच्या दोन खोल्यांत राहिलो.

आमचं काम म्हणजे गाड्यांचं पोट सांभाळणं. डोंगरात, नदीच्या पात्रात, रस्ता नसेल तिथे जाणाऱ्या त्या उंच केलेल्या गाड्या असतात ना, चाकं माझ्या कमरेपर्यंत येणारी, त्या आमच्याकडे यायच्या. मालक लोक वरून त्यांना आरशासारख्या ठेवतात. खाली वाकून बघा म्हटलं तर कंबर दुखते. खाली चिखल सुकून दगड झालेला असतो, पेट्रोलच्या टाकीवर गवत उगवायचं बाकी असतं. दादा आधी खरवडून काढायचा, मग पंपाचं पाणी. त्या पंपाची बोंब अशी की शेजारचा शिंपी शिवी घालायचा आणि ती शिवीसुद्धा ऐकू यायची नाही. मग मी गरम हवेचं मशीन घेऊन सगळं सुकवायचे. ओल्यावर लेप लावला की गंज आतल्या आत खात बसतो, म्हणून या बाबतीत दादा देवाचंही ऐकायचा नाही. ब्रेक, सायलेन्सर, पाणी निथळायची भोकं, सगळ्यांवर मी कागद चिकटवायचे. मग तो तारेच्या ब्रशने गंज घासायचा, चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, पोकळ दांड्यांत लांब नळीने मेण सोडायचा आणि शेवटी बाहेरून काळा लेप.

पण या सगळ्याच्या आधी असायची हातोडी. लहानशी, सोनाराच्या हातात शोभेल अशी. दादा चॅसीवर पुढून मागे टकटक करत जायचा. चांगलं लोखंड वाजतं, आतून सडलेलं बद्द बोलतं. त्याचा कौल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. "ही जाईल अजून खूप वर्षं" म्हटला की मालकाचा जीव भांड्यात पडायचा. "हिला आता माणसं बसवू नका" म्हटला की मालक तोंड पाडून निघून जायचा, पण माणसं बसवायचा नाही. कुणी म्हणालंच की भोक पाडून आत बघा, तर दादाला राग यायचा. म्हणायचा, "डॉक्टर काय ताप बघायला पोट फाडतो का?"

आमचा धाकटा भाऊ म्हणजे बारक्या. नावाला बारक्या, अंगाने दारात मावत नाही. त्याच्याकडे अशीच एक उंच गाडी होती. तिला आम्ही उंटीण म्हणायचो, कारण उंच तर होतीच, वर चालताना मान हलवल्यासारखी डुलायची. डोंगरावरच्या वस्त्यांना तो तिच्यातून माणसं न्यायचा, आणायचा. वर रस्ता कसला, नुसते दगड. बाळंतिणीला खाली आणायचं असो की मास्तरांची बदली असो, बारक्याला हाक. तिथल्या प्रत्येक घरात त्याच्यासाठी चहा ठरलेला. बायको म्हणायची, "तुम्ही माझ्याशी लग्न केलं की त्या उंटिणीशी?" तो म्हणायचा, "ती हॉर्न दाबल्याशिवाय ओरडत नाही." इतकं प्रेम! आणि दरवर्षी न चुकता तो तिला दादाकडे आणायचा. दुसऱ्या कुणाला तो तिच्याखाली शिरूच द्यायचा नाही.

दादाचे कान कधी गेले, कसं सांगू? एका दिवसात गेले असते तर कळलं असतं. टीव्हीचा आवाज वाढला. मी मागून बोलावलं तर तो वळायचा नाही. मला वाटायचं, ऐकायचं नसेल, पुरुषच तो. समोर उभं राहून बोललं की ठीक चालायचं, कारण तो ओठ बघायला शिकला होता आणि हे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. आयुष्यभर त्या पंपाखाली काढलेलं, कानात कापसाचा बोळासुद्धा नाही. मी आवाज अडवणारे कानमफ आणून दिले तर ते खिळ्याला लटकवून त्यात स्क्रू ठेवायला लागला. पण एक गोष्ट गल्लीत सगळेच बोलायला लागले होते. दादा हल्ली प्रत्येक गाडीला नाट लावतो. याची चॅसी गेली, त्याची चॅसी गेली. गिऱ्हाईक दुसरीकडे जायला लागलं. मला वाटलं वय झालं, भित्रा झाला.

त्या वर्षी बारक्या उंटीण घेऊन आला तेव्हा मी दात काढायला गेले होते. परत आले तर गाल सुजलेला, तोंडात बोळा, आणि शेडमध्ये दोघं भाऊ एकमेकांकडे न बघता बसलेले. दादा म्हणाला, "मागच्या स्प्रिंगा जिथे बसतात ना, तिथली दांडी गेली. दोन्हीकडची." बारक्याने विचारलं, "वेल्डिंग?" दादा म्हणाला, "त्या दगडांत वेल्डिंग धरणार नाही. तुझ्या मागे लोक बसतात. लेकरं बसतात. तू माझा भाऊ आहेस, मी तुला त्या गाडीत चढू देणार नाही." बारक्या उठला, उंटिणीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि लहान मुलासारखा हमसून हमसून रडला. मला बोळ्यामुळे बोलता येईना. आयुष्यात एकदाच गप्प बसले, तेही त्या दिवशी.

गाडी भंगारात गेली. कुणाच्या गळ्यात मारणं बारक्याला जमलं नाही. म्हणाला, "मी ज्यात बसणार नाही त्यात दुसऱ्याला कसा बसवू?" नवी घ्यायची ऐपत कुणाची होती? त्याला एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये काम लागलं. काचेच्या खोक्यात बसायचं, गाडी आली की दांडा वर, गेली की खाली. एवढा धिप्पाड माणूस त्या खोक्यात गुडघे दुमडून बसायचा. वरची माणसं पहिले काही महिने फोन करायची, मग त्यांना दुसरा कुणी मिळाला. बारक्या बोलेनासा झाला. एकच गोष्ट बोलायचा, भेटेल त्याला बोलायचा. "माझा दादा आहे म्हणून मी आहे. नाहीतर डोंगरातल्या एखाद्या वळणावर गाडीचे दोन तुकडे झाले असते. लेकरं होती हो मागे." हे सांगताना त्याची छाती जरा वर यायची. पार्किंगमधल्या शिपायाला सांगून झालं, शेजाऱ्यांना सांगून झालं, माझ्यासमोर मलाच सांगायचा.

मग एक दिवस भंगारवाला आला. जुना ओळखीचा, बडबड्या माणूस. पिशवीतून त्याने लोखंडाचा एक कापलेला तुकडा काढला आणि दादासमोर ठेवला. "घ्या, तुमच्या उंटिणीची आठवण. मागच्या स्प्रिंगांजवळचा तुकडा आहे. माझं कटर रडलं हो कापताना! असलं लोखंड हल्ली मिळत नाही. कशाला मोडायला काढली?" त्याच्या मनात काही नव्हतं. तो चहा पिऊन निघूनही गेला.

दादाने तुकडा उजेडात धरला. पोकळ दांडीच्या आत त्याने स्वतः सोडलेलं मेण होतं, पिवळट, अजून मऊ. त्याने नखाने ते खरवडलं. खालचं लोखंड नव्यासारखं करकरीत. त्याने हातोडी घेतली आणि तुकडा दोरीला टांगून वाजवला. शेड दणाणली. इतका स्वच्छ टणत्कार की पलीकडचा शिंपी मान वर करून बघायला लागला. दादाने पुन्हा मारला. पुन्हा मारला. मग कान तुकड्याला लावला आणि मारला. मग माझ्याकडे बघितलं.

"वाजतंय का गं?" त्याने विचारलं.

मी मान हलवली. वाजतंय.

तो फळीवर बसला. आडवा नाही झाला, नुसता बसला. मग म्हणाला, "मला वाटायचं, गाड्याच वाईट यायला लागल्यात."

डॉक्टरांनी मशीन लावून तपासलं. दादाला बारीक, उंच आवाज ऐकू येणं केव्हाच बंद झालं होतं. आता सगळंच लोखंड त्याला बद्द बोलायचं. त्या दिवसानंतर त्याने गाडीखाली जायचं बंद केलं. मी आणि एक कारागीर धुणं, सुकवणं, लेप एवढं करतो, आणि चॅसीची शंका आली तर सरळ भोक पाडून बघतो. दादा बाहेर खुर्चीवर बसतो. आता गल्लीला त्याचं तोंड दिसतं. बघवत नाही ते.

गल्लीत कुणाला कळलं नाही. पण दादाला झोप लागेना. म्हणाला, "बारक्याला सांगतो."

मी भडकले. "कशाला? उंटीण परत येणार आहे का? तो सगळ्या जगाला सांगत फिरतो की तू त्याचा जीव वाचवलास. त्यावर जगतोय तो. राहू दे ना त्याला."

"मी समोर बसलेला असतो आणि तो हे लोकांना सांगतो. मला मान डोलवावी लागते. मी नाही करू शकत ते, ताई." दादा मला कधीच ताई म्हणत नाही. तो मोठा आहे. त्या दिवशी म्हणाला.

बारक्या जेवायला आला. जेवण झालं आणि दादाने कपाटातून तो तुकडा आणून ताटाशेजारी ठेवला. जे होतं ते सगळं सांगितलं. मेण, लोखंड, कान, डॉक्टर. काही लपवलं नाही, स्वतःची बाजूही मांडली नाही. म्हणाला, "गाडी चांगली होती. मी चुकलो. तुझं सगळं मी घालवलं. मला मार, काही कर."

बारक्याने तुकडा हातात घेतला, वजन केल्यासारखा वरखाली केला आणि खाली ठेवला. मग उठून मोरीत हात धुवायला गेला. आमच्याकडे त्याची पाठ होती. नळ सोडला, बंद केला. तसाच उभा राहून तो बोलला, अगदी हळू.

"एवढं एकच होतं दादा माझ्याकडे. तेही घेतलंस."

त्याने चप्पल घातली आणि निघून गेला. दार ओढून घेतलं, आपटलंसुद्धा नाही.

दादा माझ्या तोंडाकडे बघत होता. डोळे माझ्या ओठांवर. "बोलला ना तो काहीतरी? पाठ हलली त्याची. काय म्हणाला?"

मी आयुष्यभर लोकांना तोंडावर खरं सांगून दुखावलंय. माझ्या सासूला सांगितलंय, गिऱ्हाइकांना सांगितलंय, मेलेल्या नवऱ्यालाही सोडलं नाही. मी त्याच्यासमोर उकिडवी बसले आणि त्याला नीट दिसावं म्हणून एकेक शब्द सावकाश उच्चारला.

"म्हणाला, जाऊ दे दादा, तू काय मुद्दाम केलंस?"

दादाने डोळे मिटले. त्याचे खांदे खाली आले. "मोठ्या मनाचा आहे गं पोरगा," तो म्हणाला. "लहानपणापासून तसाच." आणि त्या रात्री तो कितीतरी महिन्यांनी गाढ झोपला. मी मात्र जागी होते.

बारक्या त्यानंतर आलेला नाही. मी पार्किंगमध्ये जाऊन आले. त्याने काचेतून माझ्याकडे बघितलं, दांडा वर केला, खाली केला आणि पुढच्या गाडीकडे वळला. घरी आले तर दादा खुर्चीवर वाट बघत होता. विचारलं, "भेटला? काय म्हणतो?"

"कामात आहे," मी म्हटलं. "तुझी आठवण काढत होता."